राजकुमाराची आई जिवंत ठेवली

गेली चार वर्षं मी एका ऑडिओ अ‍ॅपसाठी मालिका लिहिते. मोबाइलवर कानात घालून ऐकायच्या गोष्टी, दहा-बारा मिनिटांचा एक भाग. माझं नाव त्यात कुठेही येत नाही आणि ते बरंच आहे. कधीकाळी माझा एक कथासंग्रह निघाला होता, दोन-तीन चांगली परीक्षणं आली होती, एका म्हाताऱ्या समीक्षकांनी पोस्टकार्डसुद्धा पाठवलं होतं. आता मी सात राज्यं, तीन शाप आणि एक बोलणारी तलवार सांभाळते. घरात कुणी विचारलंच तर ‘कंपनीचं लिखाण’ एवढं सांगते. नवरा त्याला भाषांतर समजतो, आई सरकारी कागद समजायची, आणि मी कुणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडले नाही. या सवयीबद्दलच मला सांगायचं आहे, कारण ती फक्त लिखाणापुरती नव्हती.

तर माझा एक राजकुमार होता. वय सतरा. त्याने पाण्यावर तळहात धरला की पाणी त्याचं ऐकायचं. पहिले पाच भाग लोकांना आवडले. मग आमच्या संपादिकाबाईंचा फोन आला.

“ताई, राजकुमार मस्त आहे, पण त्याला बॅकग्राउंडच नाही. लहानपण पाहिजे. पॉवर कुठून आली ते पाहिजे. आणि थोडं पेन टाका ना, लोक रडले पाहिजेत. त्याची आई मेलेली दाखवा.”

“का?”

“सगळ्यांचीच मेलेली असते हो.”

भाजीत कोथिंबीर घाला म्हणावं तसं बाई म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, लहानपण देते, दुःख देते, हवं तेवढं रडवते, पण आई जिवंत राहील. त्या म्हणाल्या, ठीक आहे, दहा भाग बघू, नाहीतर मारून टाकू.

हो म्हणून तर बसले, पण राजकुमाराचं लहानपण मला कुठून ठाऊक असणार? मला एकाच मुलाचं लहानपण नीट माहीत होतं. माझ्या धाकट्या भावाचं. तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान. त्याला मी अंगाखांद्यावर वाढवलं, त्याचं नाक पुसलं, त्याला मारलंही भरपूर. मी ते लहानपण उचललं आणि राजकुमाराला देऊन टाकलं.

आमचं गाव पनवेलच्या खाडीकाठचं. आता तिथल्या खाजणावर, त्या खारट दलदलीवर, भराव पडलाय आणि वर रस्ता गेलाय, गाडीतून जाताना मला आमची जागा दाखवता येत नाही. वडील मिठागरात होते. आई धवलारीण. आम्हा आगऱ्यांकडे लग्न लावायला धवलारीण लागते. भटजी आला तरी तिचं गाणं झाल्याशिवाय मांडवाला मांडवपण येत नाही. आई गावोगाव जायची. तिला लिहितावाचता येत नाही, पण तीन दिवसांच्या लग्नाची गाणी तोंडपाठ. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायची.

मांडवाच्या दिवशी ती आधी देवांना बोलवायची, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना. एकेकाचं नाव घ्यायची आणि थांबायची. घरातल्या ज्याने त्या माणसाला पाहिलेलं आहे त्याने पुढे यायचं, सुपातल्या तांदळावर एक सुपारी ठेवायची आणि म्हणायचं, “आमचा.” बाई असेल तर “आमची.” एवढं झालं की तो मेलेला माणूस मांडवात आला. ज्याचं नाव घेतलं नाही, किंवा नाव घेऊनही ज्याला कुणी आमचा म्हटलं नाही, तो बाहेर उभा राहतो. सगळं लग्न होईपर्यंत बाहेरच.

नवरा-नवरीसाठी मात्र तिची मोठी गाणी असायची. ती जन्मापासून सुरू व्हायची. पोट कसं राहिलं, कुठल्या वेळेला जन्म झाला, काय खाल्लं, कुठे पडलं, काय लागलं. हा तिच्या गुरुणीने घालून दिलेला नियम होता आणि तो तिने कधी मोडला नाही. जन्म गायचा तो जित्या माणसाचा. मेलेल्याचं फक्त नाव.

आता भावाच्या अंगठ्याचं सांगते.

त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. दोन फाकांनी वाढायचं. तो पाच वर्षांचा असताना दारात बोट सापडलं, असं घरात सगळ्यांना माहीत होतं. खरी गोष्ट निराळी होती. आई त्याला घेऊन चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला खाजणात गेली होती. बांधाच्या बुडाशी चिंबोरीचं बीळ होतं, आईचा हात आत जाईना. तिने पोराला सांगितलं, तुझा हात बारीक आहे, घाल आत, काय नाय करत ती. त्याने घातला. चिंबोरीने नांगीचा डेंगा मारला तो हाडापर्यंत. वडील तापट होते. आईने वाटेतच त्याला शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही, आणि दाराची गोष्ट तयार केली. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या हातावरची मेंदी वाळेपर्यंत तो मला भरवत बसला होता, तेव्हा त्याने ही खरी गोष्ट हसत हसत मला सांगितली. वर म्हणाला, “आईला बोलू नको. तिला वाटतं मी इसरलो.”

मोठा झाल्यावर तो न्हावा शेव्याहून कंटेनरचा ट्रेलर चालवायला लागला. एकोणतिसाव्या वर्षी एका सकाळी डबा घेऊन कामावर गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा ट्रेलर कळंबोलीला सापडला, रस्त्याच्या कडेला नीट लावलेला. काचा वर, दरवाजा बंद, सीटवर न उघडलेला डबा. तो नव्हता. भांडण नाही, प्रेमप्रकरण नाही, चिठ्ठी नाही. आम्ही सगळीकडे विचारलं. आई देवऋषाकडेही जाऊन आली.

सहाव्या दिवशी पोलीस ठाण्यातून फोन आला, खाडीत एक बॉडी मिळालीय, येऊन बघून जा. वडील तोवर वारले होते. आईला मी नेलं नाही. एकटीच गेले. त्यांनी मला फोटो दाखवले. चेहऱ्यावरून कुणालाच काही सांगता आलं नसतं. शर्टाचा रंग उरला नव्हता. शेवटचा फोटो हाताचा होता. अंगठा वर आलेला, नख दोन फाकांचं.

हवालदारांनी विचारलं, “तुमचाच का?”

मी म्हटलं, “नाही. आमचा नाही.”

त्यांनी लिहून घेतलं आणि मी सही केली. माझी सही चांगली वळणदार आहे, तीही बिघडली नाही. मी असं का केलं हे नऊ वर्षं मी स्वतःला विचारते आहे आणि दर वेळी निराळं उत्तर देते. आई घरी दोघांचा भात लावून बसली होती म्हणून. तिचा रक्तदाबाचा त्रास म्हणून. आज नको, उद्या येऊन हो म्हणू असं ठरवलं म्हणून. खरं म्हणजे मी भित्री आहे. हो म्हटलं असतं तर पुढचं सगळं मला करावं लागलं असतं, आणि घरी जाऊन ते वाक्य मलाच बोलावं लागलं असतं. उद्या गेले नाही. परवाही नाही. बेवारस म्हणून त्याचं जे काय करतात ते त्यांनी केलं. तो कसा गेला, का गेला, हेही मी कधी विचारू शकले नाही. ते विचारायचा हक्क, हा आमचा म्हणणाऱ्या माणसाला असतो.

आणि या वर्षी, बाईंच्या त्या फोननंतर, मी तोच अंगठा राजकुमाराला दिला. राणी आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन समुद्रकाठी जाते. बिळात पाण्याची देवता खेकड्याच्या रूपात राहत असते. राणी म्हणते, घाल हात, काही नाही करणार. खेकडा चावतो, नख चिरतं, आणि त्या फटीतून जादू त्याच्या अंगात शिरते. राणी राजापासून ते लपवते. अकरा भाग लिहिले. त्यात त्याचा जन्म आला, अमावास्येच्या भरतीला झालेला. त्याला बोंबील आवडायचा नाही तेही आलं, फक्त तिथे त्याला सोनेरी मासा म्हटलं. लिहिताना मला फार बरं वाटत होतं, हे कबूल करायला लाज वाटते. तो पुन्हा खायला लागला होता, हट्ट करत होता. संपादिकाबाई म्हणाल्या, ताई, अगदी खरं वाटतंय.

आई सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे सुकापूरला राहायला आली. चौथा मजला, खाली पार्किंग, समोर दुसऱ्या इमारतीची गॅलरी. तिचे डोळे अधू झालेत, म्हणून ती ऐकत बसते. मी नवा फोन घेतला तेव्हा जुना तिला दिला. त्यात ते अ‍ॅप तसंच राहिलं होतं. मीच माझे भाग तपासायला ऐकायचे, काढून टाकायचं सुचलं नाही. इतकी साधी चूक.

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. आईचा आवाज बसलाय, पण नातीचे धवले, लग्नाची गाणी, मीच म्हणणार म्हणून ती हटून बसली. आणि एका दुपारी, नऊ वर्षांत पहिल्यांदा, ती आपणहून म्हणाली, “ह्या खेपेला त्याचा नाव घेईन मी मांडवात. किती दिस बाहेर उभा ठेवायचा पोराला?”

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. मला हलकं वाटलं, अगदी खोटं कशाला बोलू. आता मला काही सांगावं लागणार नव्हतं. तिचं तिलाच कळलं होतं. माझं खोटं आपोआप जुनं होऊन मरून जाणार होतं.

पुढच्या आठवड्यात मी बाजारातून आले तर आई दारातच उभी होती. तोंड लाल झालेलं. मला वाटलं रक्तदाब चढला.

“तो हाय,” ती म्हणाली. “माजा पोर जिता हाय.”

तिने मला बसवून फोनवर भाग लावला. माझीच वाक्यं एका भारदस्त पुरुषाच्या आवाजात ऐकत मी पिशवी हातात धरून बसले. खेकडा चावला तिथे तिने फोन बंद केला.

“आवाज त्याचा नाय. पन गोष्ट त्याचीच. हे मला आन् त्याला सोडून जगात कुनाला ठाव नाय. तुला बी नाय.” मग तिने मला दाराची गोष्ट खोटी होती ते सांगितलं, स्वतःचा अपराध सांगितला, आणि मी पहिल्यांदाच ऐकतेय असा चेहरा केला. “आन् जन्म सांगितलाय बग त्याने. भरतीचा. मेल्याचा कुनी जन्म सांगतं का?”

मी म्हटलं, “आई, ती नुसती गोष्ट आहे.”

“आईला मारला नाय त्याने,” ती म्हणाली. “सगल्या गोष्टींत मारतात. ह्याने जिती ठेवली. त्याला माजी आठवन हाय.”

त्या दिवसापासून तिने नाव घ्यायचा विषय बंद केला. जित्या पोराचं नाव मेलेल्यांत घेऊन त्याचं वाईट करू का, म्हणाली. पनवेलच्या बाजारात जाऊन शर्ट आणला. दुकानात तिने माप सांगितलं नाही, हातांनी दाखवलं. आता थोडा भरला असेल म्हणून एक माप मोठा. माझ्या मुलीला पटवून तिने त्या अ‍ॅपचं ऑफिस कुठे आहे ते काढायला लावलं. अंधेरीला. गुरुवारी गाडी सांगितली. तिथे जाऊन ती गोष्ट लिहिणाऱ्याला भेटणार होती. बुधवारपर्यंत मी गप्प बसले. आणखी एक दिवस गप्प बसायची सोय असती तर बसलेही असते.

बुधवारी सकाळी ती गॅलरीत बसून मांडवाचे तांदूळ निवडत होती. डोळ्यांनी नाही, बोटांनी. मी शेजारी बसले.

“आई, ती गोष्ट मी लिहिलीय.”

ती हसली. “तू तं कंपनीचे कागूद लिवतंस.”

“तेच कागद. ही गोष्ट मीच लिहिते.”

बोटं थांबली. “मंग चिंबोरीचा तुला कुनी सांगितला?”

“त्यानंच. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी.”

“मी शपत घातली व्हती त्याला,” ती म्हणाली. मग तिच्या तोंडावर हसू आलं, लाडाचं. “बोलला ना शेवटी. काय राहत नवता त्याच्या पोटात.” जरा वेळाने म्हणाली, “बरा. तू लिवलास. मंग तो कुठं हाय?”

गोष्ट मी लिहिली म्हणजे पुढचं मला ठाऊक असणार, असं तिने धरलं. मी सांगितलं. पोलीस ठाणं, फोटो, हात.

“कुठला अंगठा?”

“उजवा.”

“मधी चिरलेला?”

“हो.”

“मंग तू काय बोललीस त्यांना?”

“नाही म्हटलं.”

“काय नाय?”

तिला ते शब्द ऐकायचे होते. मी ते म्हटले. “आमचा नाही.”

ती रडेल, मला मारेल, असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने सूप मांडीवर ओढलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. दोन खडे काढले, गॅलरीबाहेर टाकले. दुपारी जेवताना तिने एकच गोष्ट विचारली.

“जालला का पुरला?”

“मला माहीत नाही, आई.”

तिने ताट सारलं नाही. भात संपवला. मग शर्ट पिशवीतून काढून मुलीला दिला आणि म्हणाली, वॉचमनला दे. गुरुवारची गाडी मुलीने रद्द केली. संपादिकाबाईंचा निरोप आला होता की दहा भाग ऐकवून झाले, श्रोते थोडे कमी होताहेत, आता राणीला घ्या. मी उत्तर दिलं नाही.

मांडव खाली पार्किंगमध्येच घातला होता. गाड्या रस्त्यावर, खांबांना आंब्याचे टाळे, लिफ्टच्या दाराला तोरण. आई पाटावर बसली. समोर सुपात तांदूळ, बाजूला वाटीभर सुपाऱ्या. तिचा आवाज फाटका लागला, पण शब्द एकही चुकला नाही. देव झाले. माझ्या सासरची माणसं झाली. मग माहेरच्यांत तिने आपल्या सासऱ्यांचं नाव घेतलं, माझ्या मोठ्या काकांनी सुपारी ठेवली, आमचा म्हणाले. सासूचं घेतलं. मग वडिलांचं. मी पुढे झाले, सुपारी ठेवली, आमचा म्हटलं. तिने मान हलवली.

मग ती थांबली. तिने पाणी मागून घेतलं. आणि भावाचं नाव घेतलं. नुसतं नाव, नियमाप्रमाणे. नऊ वर्षांत ते नाव मी तिच्या तोंडून असं, पुरं, हाक मारावी तसं ऐकलं नव्हतं. माझी मुलगी हुंदका देऊन रडली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मोठी बहीण मी. मी दुसरी सुपारी आधीच उचलून ठेवली होती. रात्रभर मी तो एक शब्द मनात म्हणत होते. तो तिथे, पोलीस ठाण्यातल्या टेबलाशी म्हणायचा राहिला होता, निदान इथे म्हणता येईल, एवढीच माझी आशा होती.

मी वाकले. आईने सुपावर हात आडवा धरला. माझ्याकडे बघितलंही नाही. वाटी चाचपली, एक सुपारी घेतली आणि तांदळावर ठेवली.

“माजा,” ती म्हणाली, आणि पुढचं नाव घेतलं.

माझ्या हातातली सुपारी हातातच राहिली.